तिसऱ्या अंतऱ्यातली मात्रा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आज तुमच्यापाशी बोलतोय — जमेल तसं.

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी जामखेडकडचा ढोलकीवाला. नगरला एकाने दोन खोल्यांत स्टुडिओ काढला होता, तिथं एका लावणीच्या रेकॉर्डिंगला मला बोलावणं आलं. हलगीला कोण, असं विचारल्यावर मी आमच्या गावच्या केरूआण्णांचं नाव दिलं. दुसरं कुणाचं देणार? मला लय शिकवली ती आण्णांनीच, पाठीवर थापा मारमारून. तेव्हा ते साठीला आले होते, घरी एकटेच.

स्टुडिओची रीत आम्हाला नवी होती. एकत्र बसून वाजवायचं नाही. आधी नुसत्या ढोलकीची टेप करायची. ती दुसऱ्या टेपवर उतरवताना तिच्यावर झांज चढवायची, मग तुणतुणं, मग हलगी, आणि गाणारीचा आवाज सगळ्यांत शेवटी. प्रत्येकानं बंद खोलीत एकट्यानं वाजवायचं, कानाला हेडफोन लावून.

मी पहिला. तिसऱ्या अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना मी एक मात्रा खाल्ली, एक ठोका आधीच समेवर आलो. तेव्हाच कळलं का? — हो. हात पडला तेव्हाच कळलं. पण काचेपलीकडं रेकॉर्डिस्टनं मान डोलावली, आणि मी उठलो. झांजवाला, तुणतुणेवाला टेपवरच्या माझ्या ढोलकीमागून गेले. चूक त्यांच्याखाली दडली.

दुपारी आण्णा आत गेले. अंगणात कागद पेटवून त्यांनी हलगी तापवून घेतली होती. हेडफोन घातल्यावर म्हणाले, "वाजवनारा दिसत न्हाई. मी कुनाकडं बघून वाजवू?"

आण्णा मोजून वाजवणारे. तिसरा अंतरा संपला, ते बरोबर समेवर आले — आणि टेपवरच्या सगळ्यांच्या मागं पडले. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच. असं चार वेळा झालं. दर वेळी ते थांबून काचेतून माझ्याकडं बघायचे. मी काय करत होतो? ढोलकीची दोरी ओढत बसलो होतो. ती सैल नव्हती.

रेकॉर्डिस्ट मला म्हणाला, "म्हाताऱ्याचा हात राहिला नाही. हलगी तुम्हीच वाजवा."

बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. काय झालं असतं? सकाळपासूनचं सगळं पुसावं लागलं असतं, चारचौघांत माझं नाव खाली आलं असतं. एवढंच. मी आत गेलो. आण्णांनी आपली हलगी माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन बसले. चूक कुठं आहे ते मला ठाऊक होतं — म्हणून मी हलगीवरही तीच मात्रा खाल्ली. पहिल्याच वेळी जुळलं.

परतताना एस्टीत आण्णांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "लय सुटली रं माझी."

"वयानं होतं असं, आण्णा," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्याकडून कुणी वदवून घेतलं नव्हतं.

आण्णांनी पुन्हा हलगी हातात धरली नाही. लग्नाची बोलावणी यायची, ते नको म्हणायचे. हळूहळू बोलावणी थांबली, मग माणसंही. हलगी होती तोवर त्यांच्या दारात कुणी ना कुणी असायचं. माझी कामं मात्र वाढत गेली.

तबकडी आली तेव्हा आण्णा ऐकायला माझ्या घरी आले. भिंतीला टेकून, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसले. तिसरा अंतरा संपला. त्यांची बोटं जिथं पडायला हवी तिथंच पडली — पण गाणं एक मात्रा पुढं निघून गेलं होतं. त्यांनी हात उचलला, बोटांकडं पाहिलं.

"बघ," ते म्हणाले, "अजून तिथंच चुकतोय मी."

मी त्यांच्या कपात चहा ओतला.

त्यानंतर आण्णा सात-आठ वर्षं जगले. बहुतेक रोज आमची गाठ पडायची. मी त्यांना सांगितलं नाही.