इंजिनाचं हँडल

काल शेजारच्या बांधकामावर जनरेटर सुरू झाला. डिझेलचा वास घरात शिरला आणि मी थेट बहात्तरच्या दुष्काळात, राहुरीजवळच्या आमच्या विहिरीवर पोचले.

गावातल्या बाकीच्या विहिरी आटल्या होत्या. आमच्या विहिरीत रात्रभर झिरपलेलं पाणी दादा, म्हणजे माझे वडील, सकाळी इंजिन लावून मोसंबीला द्यायचे. ते थांबवायला कॉलेजातले आम्ही पाचजण विहिरीच्या काठावर बसलो. इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल माझ्या मांडीवर होतं.

"हँडल दे. बाग जळंल माजी."

"आन् गावानं काय प्यावं, दादा?"

मागे घागरी घेतलेल्या बाया उभ्या होत्या. दादांनी हात उगारला. मी हँडल विहिरीत टाकलं. डुबुक असं वाजलंच नाही. खडकावर लोखंड खणकन आपटलं. रात्रभरात तळाशी किती थोडं पाणी साचलंय, ते सगळ्यांनी ऐकलं.

दादांचा हात खाली आला. "सोडा घागरी," ते बायांना म्हणाले.

बाग वाळली. पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट मी माझ्या धाडसाची म्हणून सांगितली. त्या उन्हाळ्यात दादा एकाच मोसंबीच्या बुडाशी बसून तांब्याभर पाण्यात आंघोळ करायचे, हे मात्र कधीच सांगितलं नाही.