चिठ्ठीकाकांनी न पाठवलेली चिठ्ठी

रस्त्यात कोणी बातमी विचारली तर चिठ्ठीकाका तोंड उघडत नसत. "काका, आज नळ किती वाजता?" असं विचारलं की स्कूटर थांबवायचे, चष्मा नाकावर खाली ओढायचे आणि म्हणायचे, "डबी पाह्य." विचारणारी बाई रिकामी कळशी घेऊन उभी असली तरी उत्तर तेच. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, दोन शब्द बोलले तर जीभ झिजते काय तुमची?" तर म्हणाले, "तुले तोंडानं सांगितलं सूनबाई, तर तुले आधी कळलं अन् बाकीच्यायले मंग. हवेतून सोडलं की सगळ्यायले एकदमच."

डबी म्हणजे त्यांचीच करणी. काका आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेले. महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर, आणि त्या घराच्या बाहेरच्या जिन्याला कसून बांधलेला एक उंच लोखंडी पाइप. त्याच्या टोकाच्या दांडीवरून ते रेडिओच्या लहरींवर नुसती अक्षरं सोडायचे. ती आसपासच्या पाच-सात गल्ल्यांत लोकांच्या खिशातल्या, कमरेच्या, देव्हाऱ्याजवळच्या साबणदाणीएवढ्या डब्यांत उतरायची. 'टुण्ण' वाजायचं आणि चार ओळी दिसायच्या. सिम नको, रिचार्ज नको, नेट नको. डब्या त्यांनी स्वतः बनवल्या आणि मागेल त्याला फुकट वाटल्या. कोण वाचतं, कोण नाही, हे त्यांना कळायची सोय नव्हती. जे जायचं ते एकाच बाजूनं जायचं.

माझे सासरे आणि ते शाळासोबती, म्हणून मी त्यांची सूनबाई. सासऱ्यांची पिठाची गिरणी काकांच्या घरासमोरच, आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत. सासरे गेल्यावर ती मी चालवायला घेतली. नवरा हिंगण्याला कंपनीत, त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. घर खऱ्या अर्थानं चालायचं ते गिरणीवर.

काकांच्या चिठ्ठ्या वाचायला मजा यायची. "नळ ५.४० ला. धार बारीक. प्यायचं आधी भरा." "कळमन्याच्या बाजारात संत्रा उतरला, मेथी चढली." "गॅसची गाडी दुपारून. रिकामं सिलिंडर दारात ठेवू नका, कुत्री मुततात." एकदा नगरसेवकाचा माणूस साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सोडा म्हणून पेढे घेऊन आला. काकांनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "वाढदिवस दरवर्षी येते गा, ते बातमी कशी होईन? पेढा मस्त होता, हे सोडू काय?" तो बिचारा आला तसा गेला.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चिठ्ठी नाही. रोज सकाळी स्कूटर काढून पाण्याची टाकी, रेशन दुकान आणि महापालिकेचं झोन ऑफिस अशी फेरी. झोन ऑफिसच्या फळ्यावरच्या नोटिसा उभ्यानं वहीत उतरवून घ्यायचे. फोनवर कोणी काही कळवलं तर विचारायचे, "तू पाह्यलं काय? नाही ना? मंग ते आपल्याले माहीत नाही." त्यामुळे आमच्या गल्लीतलं कोणी त्या फळ्याकडे फिरकेनासं झालं. काहींनी तर पेपरही बंद केला. डबीत आलं नाही म्हणजे झालंच नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात मी सांगायचे.

दुपारी काका ज्वारी दळायला आले की गिरणीतल्या बाकावर बसून राहायचे. भुवया पिठानं पांढऱ्या व्हायच्या. चिठ्ठ्या सोडायच्या मशीनमध्ये काही बदल केला की गच्चीवरून मलाच हाक, "सूनबाई वंऽ, वाजलं काय?" मी खालून ओरडायचे, "वाजलं!" मला त्याचा कोण अभिमान! गल्लीतल्या एवढ्या लोकांत काकांना मीच सापडायचे. नवऱ्याला टायफॉइड झाला तेव्हा आठ दिवस रोज दवाखान्यात डबा पोचवणारेही तेच. म्हणून म्हणते, पुढं जे झालं ते परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी फीत आणि लाल रंग घेऊन तीन माणसं आली. गिरणीच्या आत, थेट मागच्या भिंतीवर त्यांनी रेघ ओढली. मी धावून गेले. म्हणे, गल्ली रुंद होणार, तुमच्या बाजूचं आठ फूट जाणार. मी हसले. खरंच हसले! "डबीत आलं नाही हो, चुकीच्या गल्लीत आले तुम्ही," असं म्हणून त्यांना हाकलायला लागले. शेजारच्या बायका घाबरून बाहेर आल्या, त्यांनाही मीच परत घरात पाठवलं. "काका आहेत ना," म्हटलं.

तरी जिवाला चैन पडेना. दुपारी झोन ऑफिसात गेले. तिथल्या बाबूनं फाइल उघडून दाखवली. आधी दोन्ही बाजूंचं चार-चार फूट जायचं होतं. नोटीस महिनाभर फळ्यावर लागली होती. हरकत एकच आली, समोरच्या बाजूची. आमच्या बाजूनं कोणी काही कळवलं नाही, म्हणून सगळे आठ फूट आमच्याकडे सरकले. मुदत संपून बारा दिवस झाले होते. आमची गिरणी बरोबर आठ फूट खोल. चार गेले असते तर चक्की मागं सरकवून माझं भागलं असतं. हरकतीच्या अर्जाखाली सही होती चिठ्ठीकाकांची. अक्षर वळणदार, शिक्षकाचं, अगदी स्वच्छ.

तशीच उन्हात त्यांचा जिना चढले. काका टेबलाशी बसून कुणाची तरी डबी दुरुस्त करत होते.

"काका, नोटीस तुम्ही पाह्यली होती?"

"पाह्यली होती."

"मंग काहून नाही सोडली?"

हातातली डबी त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "चार फुटांत माहा जिना जात होता, सूनबाई. जिन्यासंगं पाइप. सगळ्यायची डबी बंद पडली असती."

"आमाले विचाराचं होतं!"

"विचारलं असतं तर तुमी हरकत घेतली असती."

"घेतलीच असती! आमचं घर आहे ते!"

"मी खोटं एक अक्षर नाही सोडलं," काका खाली मान घालून म्हणाले. "एक सोडलं नाही, एवढंच."

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. शत्रूनं कापला तर माणूस निदान हात तरी वर करतो. मला राग आला तो त्यांच्या त्या 'एवढंच'चा. कमरेची डबी काढून त्यांच्या टेबलावर आपटली आणि खाली आले. संध्याकाळपर्यंत आमच्या बाजूच्या सगळ्यांनी आपापल्या डब्या त्यांच्या पायरीवर नेऊन टाकल्या. दीड महिना गेला, आणि पाण्याचे वांधे व्हायला लागले तशा एकेकानं गुपचूप परत घरीही आणल्या. त्यातल्या दोन तर घरचं अंगण गेलेल्यांच्याच होत्या. कोणाकोणावर रागावणार?

गिरणी पाडली तेव्हा मेअखेरचा नऊ दिवसांचा नवतपा सुरू होता, अंगाची लाही होत होती. नवरा आणि दोन मजूर चक्कीचा दगड बाहेर ओढत होते. काका समोरून आले आणि दगडाला हात लावायला वाकले. मी म्हटलं, "हात लावू नका." ते बाजूला झाले, पण घरी गेले नाहीत. समोर, भर उन्हात, टोपी नाही, काही नाही, उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस. मजुरांना मी तीनदा पाणी दिलं. त्यांच्यासमोरून तांब्या घेऊन गेले आणि आले. त्यांनी मागितलं नाही. ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. भिंत पडेपर्यंत ते उभे होते, मग जिना धरून धरून वर गेले.

त्या दिवाळीनंतर मुलगी त्यांना वर्ध्याला घेऊन गेली, आणि फाल्गुनात ते गेल्याचं कळलं. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण चिठ्ठ्या सोडतो, चांगल्या सोडतो. मी आता दुसऱ्याच्या गिरणीत पगारावर दळते. त्याचं फारसं काही वाटत नाही, हात तेच काम करतात.

पण तहानलेला माणूस माझ्या दारासमोर उभा असून मी त्याला पाणी विचारलं नाही, असं जन्मात एकदाच घडलं. तशी मी नव्हते हो. तशी मला त्यांनी केली. गिरणीचा राग उद्या कदाचित जाईल, पण ह्याचा राग मी त्यांच्यावर अजून धरून आहे.