मागच्या दाराची किल्ली

वसंताला कचेरीने फसवलं. पैशात नाही, जमिनीत नाही. दिलेल्या शब्दात फसवलं. कोणती कचेरी ते लिहायचं नाही, अशी पुरवणीच्या संपादकांनी अट घातली आहे आणि बरीच घासाघीस करून मी ती मान्य केली आहे. इंदापूर तालुक्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, माझ्या दुकानात, एका जुन्या डिझेल इंजिनाचा सौदा करत होतो. फोनवर त्याची बायको सुमन होती. "तात्या, हे गेलं," एवढंच बोलली. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत उभं होतं. मी त्याला म्हणालो, आज इंजिन विकायचं नाही. त्याला वाटलं मी भाव चढवतोय...

इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर वसंताचा एसटीडी बूथ होता, अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. मूळचा बावड्याचा, बौद्ध घरातला, वडील शाळामास्तर. लहानपणी पोलिओ होऊन दोन्ही पाय गेलेले, त्यामुळे हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर सगळा वावर. शर्ट मात्र कडक इस्त्रीचा आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. आमची ओळख भांडणातूनच झाली. त्या भागातल्या विहिरींवरच्या जुन्या मोटारी मी विकत घेत असे, आणि त्याच्या बूथवरून पुण्याच्या एका व्यापाऱ्याशी भाव ठरवत होतो. बोलणं लांबलं. त्याने बिल सांगितलं तेव्हा मी म्हणालो, तुझा मीटर पळतो. मला सगळ्याच मीटरांचा संशय येतो, त्यात नवीन काही नाही. तो शांतपणे म्हणाला, "मीटर सरकारचा हाय, जीभ तुमची. दोन्हीतलं एक तरी कमी पळवा." लोक हसले. मला राग आला, पण पुढच्या खेपेला मी दुसरीकडे गेलो नाही. त्यानंतर मी त्याला धंद्यातल्या सगळ्या गोष्टी सांगायला लागलो, आणि तो मला त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत म्हणून दाखवायला लागला.

फोन करायला आलेली माणसं त्याच्यापाशी आपली रडगाणी सांगत. कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाची विहीर मंजूर होऊन रद्द झालीय. महिन्यातल्या एका सोमवारी कचेरीत साहेब लोकांची गाऱ्हाणी ऐकत, तिथे वसंता त्यांच्या वतीने बोलायला जाई. बोलायचा छान. साहेबांना पाणी मागायला लावी. अडचण एकच होती. कचेरीचं जोतं उंच, समोर काळ्या दगडाच्या पायऱ्या. तीनचाकी खाली ठेवायची आणि कुणीतरी त्याला उचलून वर न्यायचं. उचलायला माणसांची कधी टंचाई नव्हती, हेच त्याचं दुःख होतं. चारचौघं हौसेने पुढे होत. "चला, नवरदेवाला मांडवात घ्या," म्हणत आणि काखेत हात घालत. एकदा परत येताना तो मला म्हणाला, "तात्या, पोतं उचलताना पोत्याला इचारतात का, कुठनं धरू म्हणून? तसं हाय हे." वर गेल्यावर शर्ट चुरगळलेला असायचा. साहेबांसमोर बसून तो आधी कॉलर सारखी करत राही, आणि तेवढ्यात त्याचा निम्मा जोर गेलेला असे.

मग अपंगांसाठी नवा कायदा झाल्याचं त्याने पेपरात वाचलं आणि रॅम्प मागितला. मागत राहिला. शेवटी झाला, पण कचेरीच्या मागच्या बाजूला. उद्घाटनाला फीत होती, हार होता, वसंताला तीनचाकीसकट वर चढवून फोटो काढला. त्या दिवशी मागचं दार उघडं होतं. पुढच्या खेपेला त्याला कुलूप. आत बियाण्याच्या पिशव्या आणि मोडकी कपाटं भरलेली. वसंता रॅम्पवर चढून दार वाजवायचा, आतून कुणी ओ द्यायचं नाही. किल्ली कुणाकडे? साहेबांकडे. साहेब कुठे? दौऱ्यावर. मग तो सरळ घरी परतायचा. कुणाला उचलू द्यायचा नाही. लोकांची गाऱ्हाणी तशीच राहायची, आणि लोक त्यालाच बोल लावायचे.

हे मला सहन झालं नाही. मी त्याच्याबरोबर गेलो. दार त्या दिवशी उघडायला लावलं, दंगा करून. मी सुरुवातच केली पुढच्या पायऱ्या फोडा इथून. साहेब हसले. मग खोली रिकामी करा म्हणालो, मग कुलूपच काढून टाका म्हणालो. असं खाली उतरत उतरत आम्ही एका गोष्टीवर आलो: मागच्या दाराची किल्ली पुढच्या दालनात खिळ्याला टांगायची, वसंता आला की शिपायाने ती घेऊन दार उघडायचं. साहेब म्हणाले, "दिला शब्द." चहा आला. बाहेर पडल्यावर मी खुशीत होतो, सौदा पटला म्हणून. वसंता म्हणाला, "तात्या, तुमाला इंजिन बघून कळतं. साहेब बघून कळत न्हाय."

नंतर दोन-तीनदा दार उघडलं म्हणे. मग तो सोमवार आला. कुणी मोठा अधिकारी येणार म्हणून पायऱ्या धुतलेल्या. मागचं दार बंद. वसंता पुढे आला आणि पायऱ्यांखालून किल्ली मागत ओरडत राहिला. पुढचं त्याने मला अंथरुणावर सांगितलं, खुबा मोडून, छातीत कफ भरलेला असताना, आमच्या शेवटच्या भेटीत. दोघांनी न विचारता काखेत हात घातले. तो थांबा म्हणाला, ते हसले. निम्म्या पायऱ्यांवर एकाचा पाय सरकला. मी म्हणालो, पडलास तेव्हा कुणी... त्याने मला मध्येच तोडलं. "मी पडलो न्हाय, तात्या. मला उचललं."

उचलणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यातला एक समोरचा चहावाला, माझ्यासमोर ढसाढसा रडला. त्याने मला सांगितलं, आतून कुणीतरी म्हणालं, "किल्ली कुठं हुडकत बसता, घ्या की उचलून." कोण म्हणालं? त्याने बघितलं नाही. मी बरेच व्यवहार केले आहेत. माणूस खरंच विसरला आहे की विसरायला लावला आहे, एवढं मला कळतं. मी फार ताणलं नाही, त्याची टपरी कचेरीच्याच दारात आहे.

वसंता गेल्यानंतरच्या विधीला, जलदानाच्या कार्यक्रमाला, साहेब हार घेऊन आले. फोटोला हार घातला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, दार उघडंच होतं, वसंतरावांनीच सांगितलं की पुढूनच उचलून न्या, लवकर होईल. लोकांनी माना हलवल्या. मेलेला माणूस काय बोलणार... सुमन पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली.

"साहेब, आमच्या घराला उंबरा न्हाय. त्यांनी सवता फोडून काढला, हातावर सरकत येता यावं म्हणून. एवढ्या वरसांत मला बी कधी उचलू दिलं न्हाय. आन् तुमाला म्हणलं, उचला?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. तेव्हापासून मला झोप लागत नाही. वसंता गेला, तो परत मिळणार नाही. पण आयुष्यभर जे त्याला नकोसं होतं तेच त्याने स्वतः मागितलं, असं त्याच्या नावावर मांडलं जातंय, आणि गावात आता तेच बोललं जातंय.

गेल्या आठवड्यात मी कचेरीत गेलो. पुढच्या दालनात खिळा आहे, खिळ्याला किल्ली आहे. शिपाई म्हणाला, ही पहिल्यापासून इथंच असती. कारकून म्हणाला, मला काही माहीत नाही. मी खिळ्याकडे बघितलं. भंगारातून वर आलेला माणूस आहे मी, जुन्या यंत्राला नवा रंग मारून विकणारे रोज बघतो. भिंत पिवळी पडलेली, धुराने काळवंडलेली; खिळा मात्र चकचकीत, आणि त्याच्याभोवती निघालेला गिलावा पांढराशुभ्र. खालच्या फरशीच्या कडेला त्याची भुकटी अजून तशीच होती.

हा खिळा कधी ठोकला? त्या सोमवारी किल्ली कुठे होती, आणि आतून "घ्या की उचलून" कोण म्हणालं? साहेबांनी याचं उत्तर द्यावं. केबिनमध्ये बसून नाही, चहा पाजून नाही. जोत्यावरून खाली उतरून, त्या पायऱ्यांपाशी, सुमनच्या समोर उभं राहून द्यावं.