बेण्याचे बटाटे

"चप्पल काढा, बाबूसाहेब. खाली लेकरं झोपल्यात."

परसात शिरणाऱ्या प्रत्येकाला चाचा हात आडवा धरून हे ऐकवत. लेकरं म्हणजे बटाटे. निजामाच्या अमदानीत मी कळंबच्या तहसील कचेरीत कारकून होतो आणि चाचा तिथले चपराशी. आमची घरं एकमेकांना लागून होती.

त्या काळी आमच्याकडं बटाटा कुणी लावत नसे; लागला तर बार्शीहून यायचा. चाचांनी मात्र परसात चार सऱ्या पाडल्या होत्या. कार्तिकात ते बटाट्याच्या फोडी करत, प्रत्येक फोडीला एक डोळा ठेवत, राखेत घोळवत आणि लावत. रोपांना मातीची भर घालताना त्यांचं बोलणं चालू असे, पण ते रोपांशी, आमच्याशी नव्हे.

माघात बटाटे निघाले की शिवरात्रीच्या उपासाला पहिली टोपली आमच्या घरी यायची. आई ते बटाटे तीनदा धुवायची, मुसलमानाच्या हातचे म्हणून. मग चवीनं खायची. चाचांना हे ठाऊक होतं. "धुवा की. माती असतीच," एवढंच म्हणत.

पुढच्या लागवडीचं बेणं ते रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवत. आमच्या उन्हाळ्यात बेणं टिकवायचं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखं. सहा वर्षं त्यांनी ते टिकवलं होतं.

सातव्या वर्षी आश्विनात जिल्ह्याचे तालुकदारसाहेब, म्हणजे आजचे कलेक्टर, दौऱ्यावर आले. त्यांना बटाटे घातलेलं मटण आवडतं, असं कुणीतरी आमच्या तहसीलदारांच्या कानावर घातलं. लढाईचे दिवस, बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, आणि परवान्याशिवाय तिकडचा माल इकडं येत नव्हता. तहसीलदारांनी कचेरीत विचारलं, "बटाटे कुणाकडं मिळतील?"

मी म्हणालो, "चाचांकडं."

शाबासकी मिळावी, एवढाच माझा हेतू होता. चाचा माझ्या टेबलाशी आले. "बाबूसाहेब, ते खायाचं न्हाय, बेणं हाय. कोंब आल्यात. तुमी तहसीलदारसाहेबांना सांगा, तुमचं ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही.

दुपारी दोन शिपाई येऊन वाळू उपसून गेले. अर्धे बटाटे आचाऱ्यानं सुरकुतलेले म्हणून फेकून दिले. मेजवानीत वाढायला चाचाच होते, फेटा बांधून, पट्टा लावून. तालुकदारसाहेबांनी मटण खाल्लं. बटाट्याच्या फोडी बोटानं ताटाच्या कडेला सारल्या. ते ताटही चाचांनीच उचललं.

कार्तिक लागला, सऱ्या रिकाम्या. चाचांनी रजा मागितली, मिळाली नाही. तेव्हा ते न विचारताच चालत बार्शीला गेले. येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी पिशवीभर बटाट्यांसकट त्यांना धरलं आणि दोन दिवस बसवून ठेवलं. बटाटे नाक्यावरच राहिले. चाचा परतले तेव्हा बडतर्फीचा हुकूम तयार होता. तो मीच लिहिला होता.

अंगठा उठवण्याआधी ते कागदाकडं बघत राहिले. "मला वाचता येत न्हाय," ते म्हणाले, "पर अक्षर लई देखणं हाय तुमचं."

बिल्ला टेबलावर ठेवून ते गेले. आठवड्यानं बायकोला घेऊन जळकोटला मेहुण्याकडं राहायला गेले. नव्या चपराशानं त्या परसात म्हैस बांधली.

निजाम गेला, मी हेडक्लार्क झालो. एकदा कामानिमित्त जळकोटला गेलो असता विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. दारावरच्या गोणपाटाच्या पडद्याआडून त्यांची बायको बोलली. इतकी वर्षं शेजारी राहूनही तिनं माझ्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, की मला नीट पाहिलं नव्हतं.

"दोन वर्सं झाली त्यांना जाऊन. तुमी कुठले?"

"कळंबचा."

"तिथं एक बाबू हुते. त्यांनी यांच्यासाठी साहेबापुढं लई शब्द टाकला, असं मरेपातुर सांगायचे. वळखता का त्यांना?"

"नाही," मी म्हणालो.

पडद्याखालून पाण्याचा तांब्या पुढं आला. मी उभ्यानंच पाणी प्यालो आणि मोटारीच्या थांब्याकडं निघालो.