हॉलमध्ये बसून स्केटिंग बघणाऱ्या काकांना

मंडळी, आज शारजात एकांच्या घरी हळदीकुंकू होतं. बायका आतल्या खोलीत, पुरुष हॉलमध्ये टीव्हीसमोर, नेहमीसारखेच.

टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिकमधलं बायकांचं स्पीड स्केटिंग लागलं होतं. माझी बारा वर्षांची लेक इथल्या आइस रिंकवर स्केटिंग शिकते, म्हणून तीही तिथेच बसली.

मी तिळगूळ द्यायला बाहेर आले, तर तिच्या शेजारी बसलेले काका ओरडत होते, "काय मांड्या आहेत हो! यल्ला, चला लवकर, रिप्ले दाखवा!" सगळे खिदळले. माझा नवरासुद्धा. शी! किळस आली मला.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "आई, आय डोन्ट वॉन्ट टू स्केट एनीमोअर."

त्या हॉलमधले निम्मे जण या ग्रुपवर आहेत. तिला काय उत्तर देऊ, तुम्हीच लिहा.