शाळेच्या स्लॅबला दोन जामीन

"मॅडम, हे पत्र तुम्हाला मिळालंच नाही असं समजा. आठ-दहा दिवस."

"त्यावर इनवर्डचा शिक्का पडलाय," बँकेतल्या पाठक मॅडम म्हणाल्या. "आणि हळू बोला, लोक बघतायत."

मी हळू बोलणाऱ्यातला नाही. सेंटरिंगच्या फळ्या डोक्यावर वाहून मी सरकारी ठेकेदार झालो. कुणी मागितलेला भाव कधी जसाच्या तसा दिला नाही. पण नव्वदच्या दशकातल्या त्या मार्च महिन्यात, नाशिकच्या त्या बँकेत, घासाघीस करायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. पत्र सरकारी बांधकाम खात्याचं होतं. मजकूर एवढाच, की गॅरंटीची मुदत वाढवा, नाहीतर रक्कम जमा करा.

"चूक खात्याची आहे. पैसे देऊ नका."

"चूक कुणाची, हे बघायचा मला अधिकारच नाही. खात्याने मुदतीत मागितले की मी द्यायचे, तुम्हाला न विचारता. यालाच गॅरंटी म्हणतात."

हे जरा सोपं करून सांगतो. सरकारी काम घेतलं की नियमाने ठेकेदाराला जामीन द्यावा लागतो. त्यात तीन जण असतात. काम करणारा मी, करून घेणारं खातं, आणि मी काम अर्धवट टाकलं तर खात्याला पैसे भरून देणारी बँक. कमिशन मी भरतो म्हणून मला बरीच वर्षं वाटायचं, हा एक विमाच आहे, बँक आपल्या बाजूची आहे. विम्यात नुकसान कंपनी सोसते. इथे बँक आज खात्याला देते आणि उद्या माझ्याकडून वसूल करते. त्यासाठी माझी एफडी आणि सातपूरचं राहतं घर बँकेकडे तारण होतं. खात्याने पैसे उचलले असते तर घर गेलं असतं आणि नाव काळ्या यादीत लागलं असतं.

काम म्हणजे हरसूलच्या पुढे एका पाड्यावर शाळेच्या तीन खोल्या. आधी जुन्या पडक्या खोल्या पाडायच्या, त्याला खात्याची परवानगी लागते. ती पावसाळ्यात मिळायला हवी होती, मिळाली दिवाळीनंतर. तोवर पाड्यावरचे मजूर द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरले होते. हाताशी चार माणसं राहिली. त्यांच्या जोरावर भिंती उभ्या केल्या, सळई बांधली, पण स्लॅब अडला. स्लॅब एका दिवसात भरावा लागतो. मध्ये थांबलात तर सांधा राहतो आणि तिथून पाणी गळतं. त्याला चाळीसेक माणसं हवीत, आणि नाशिकच्या नाक्यावरचे मजूर एवढ्या लांब यायला तयार नव्हते. उशीर खात्याचा, कागदावर दोष माझा. तो राग अजून गेलेला नाही.

मॅडम म्हणाल्या, मुदत वाढवता येईल, पण काम बंद दिसतंय, मॅनेजर आणखी तारण किंवा एक जामीनदार मागतील. मी निघालो जामीनदार शोधायला. ज्याच्याकडून वर्षानुवर्षं लोखंड घेतलं त्याच्या नेमकं पोटात दुखायला लागलं. साडू लग्नाला गेला. कुणाचं लग्न, ते त्याच्या बायकोलाही सांगता येईना.

शेवटी पाड्यावर गेलो, ते लहानू भोयेवर ओरडायला. लहानू मजुरांचा मुकादम. माणसांनी माझ्याकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली होती आणि त्या उचलीला तो जामीन राहिला होता. मी मनसोक्त ओरडलो. तो विडी ओढत ऐकत राहिला.

"शेट, तू ओरडला का सिमेट लवकर वाळतं काय?"

त्या भागात सगळ्यांनाच अरे-तुरे. मी त्याला पत्राचं आणि जामीनदाराचं सगळं सांगितलं. मग त्याने बँक कुठे आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी लहानू सातबारा घेऊन मॅडमच्या टेबलासमोर बसला. त्याने जमीन जामीन म्हणून पुढे केली आणि माझी मान खाली गेली. याच माणसाशी मी मजुरीच्या दरावरून दोन तास भांडलो होतो. मॅडमनी त्याला नीट समजावलं, की आदिवासी माणसाची जमीन अशी तारण घ्यायला कायद्याची आडकाठी आहे, आणि ती त्याच्याच भल्याची आहे.

"मंग तू सांग बाई, तुला काय दिसाया पायजे?"

"स्लॅब. माणसं येतील?"

"होळीला आमचा मानूस कुठं बी असू दे, घरी येतो. दोन दिस नाचतील. तिसऱ्या दिसाला स्लॅब."

"आणि नाही आले तर?"

"त्यांच्या उचलीला मी जामीन हाय. ते नाय आले तर मी भरीन, मंग त्यांच्याकडून घेईन. तुझं न् शेटचं तसंच हाय ना?"

मॅडम हसल्या. त्यांनी सांगितलं, स्लॅब स्वतः बघेन, मगच मुदतवाढीचा कागद मॅनेजरसमोर ठेवीन. होळीनंतर गॅरंटी संपायला थोडेच दिवस उरत होते.

होळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साइटवर मी आणि भाड्याचा मिक्सर, दोघंच. ऊन वर आलं तरी कुणी नाही. लहानूला शिव्या घालून झाल्या. मग टेकाडावरून रंगलेल्या कपड्यांची रांग उतरताना दिसली. बायका, पुरुष, पन्नासच्या वर. लहानू सगळ्यात पुढे.

"शेट, आज रोज वाढवून लागंल. सनाचा दिस हाय."

सवयीने मी मजुरीचा भाव पाडायला लागलो.

"मंग जाऊ का परत?"

दिला. आयुष्यात पहिल्यांदा मागितला तेवढा दिला. संध्याकाळी स्लॅब पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी मॅडम एसटीने आल्या, शिडीने वर चढल्या, पक्का व्हावा म्हणून वर पाणी सोडलेला स्लॅब बघितला. त्याच आठवड्यात जादा तारण न घेता गॅरंटीची मुदत वाढली. उन्हाळ्यात खोल्या पूर्ण झाल्या, जूनला शाळा भरली. पुढे सगळे सोपस्कार होऊन गॅरंटीचा मूळ कागद आणि घराची कागदपत्रं हातात आली. खात्याने उशिराचा दंड मात्र कापलाच. त्याबद्दल मी अजून भांडतोय.

त्या दोघांचे उपकार मी विसरलेलो नाही. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा लहानूला घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. तो त्यांना तेव्हाही "बाई, तू"च म्हणाला.

हल्ली नवे ठेकेदार सल्ला विचारायला येतात. त्यांना सांगतो, गॅरंटीवर तारीख घालण्याआधी त्या गावची माणसं कामाला कधी बाहेर जातात आणि कोणत्या सणाला घरी येतात, ते मुकादमाला विचारून घ्या. आणि सणाचा रोज आधीच टेंडरमध्ये धरा.