बाबांच्या वाट्याचा तांब्या

गाडीला खारं पाणी पाजायचं, हा आमच्या घरचा नियम होता आणि तो कधी कुणाला खटकला नव्हता. दर्यापूरच्या आमच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारंच. गोडं पाणी नळाला यायचं ते आठवड्यानं, तेही त्याची मर्जी असली तर. आई ते माणशी रोजचा एक तांब्या असं मोजून ठेवायची. अशा घरात कुणी गोडं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं असतं, तर त्याला वेड्यातच काढलं असतं.

बाबा तालुक्याच्या कोर्टात वकील. त्यांच्या किडन्या गेल्या आणि डायलिसिससाठी अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आमच्याकडे या दुखण्याचा दोष सगळे पाण्याला देतात. डॉक्टर मात्र ठाम काही बोलायचे नाहीत. बाबांची जुनी पांढरी गाडी मी चालवायचे. पोरगी गाडी चालवते म्हणून चौकातले लोक वळून पाहायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू! एके दिवशी मात्र अकोल्यात शिरता शिरताच इंजिनानं वाफ सोडली आणि मान टाकली.

मग काळी-पिवळी जीप. डायलिसिसनंतर गळून गेलेले बाबा त्या गर्दीत चेपून यायचे आणि घरी आल्या आल्या अंथरूण धरायचे. अकोल्यात जठारपेठेत राहणारा मामा म्हणाला, गाडी भंगारात द्या आणि इकडेच राहायला या. कापसाचे ते वाईट दिवस होते, शेतकरी पक्षकारांकडून बाबांची फी येत नव्हती; दुसरी गाडी घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. पण दर्यापूर सुटलं की बाबांचं कोर्टही सुटणार होतं. मग त्यांच्याजवळ आजाराशिवाय काय उरलं असतं?

गाडी ज्यांच्याकडे दुरुस्तीला होती त्या मिस्त्रीचाचांनी पिस्टनला नव्या रिंगा बसवल्या आणि काम थांबवून आम्हाला बोलावलं. मी उघड्या इंजिनात वाकून पाहिलं आणि पाहतच राहिले. पिस्टनच्या जागा नव्या स्टीलच्या डब्यासारख्या चकचकीत. त्यांना लागूनच, पाणी फिरायच्या वाटांमध्ये, न्हाणीतल्या बंबाच्या तळाशी साचतो तसला पांढरा थर. चाचांनी तो खरवडला तर खपल्या पडल्या, आणि खाली लोखंड कुरतडल्यासारखं पातळ झालेलं. इतकी वर्षं हे आतून असं झिजत होतं आणि तरी आम्हाला मुकाट नेत-आणत होतं!

बाबांनी एक खपली उचलून जिभेला लावली.

"आपल्याच विहिरीचं हाय," ते म्हणाले.

"बाबा, मीठ बंद हाय ना तुमाले!"

"पुरावा तपासून राहिलो."

चाचा हसले, मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. गाडी आणि बाबा एकच पाणी प्यायले होते, हे मला तेव्हा कळलं.

"वकीलसाब," चाचा म्हणाले, "म्हनाल तं पुरं करतो, नाही तं इथंच सोडतो. लेकिन याले आता खारं पानी चालनार नाही. रेडिएटर जुना हाय, गळनारच. रोज तांब्याभर गोडं पानी पायजे. ते जमत नसन, तं खर्च कावून करता?"

"घरी पेवालेच पुरत नाही, चाचा," मी म्हणाले.

"माह्या वाट्याचं हाय ना," बाबा म्हणाले. "डॉक्टरनं मले कपानं मोजूनच पेवाले सांगतलं. बाकीचं कोनासाठी ठेवू? करा पुरं."

खरंच, आई अजूनही त्यांचा तांब्या काठोकाठ भरून ठेवायची. तो कमी भरायला तिचा हात धजत नव्हता.

गाडी घरी आल्यावर पहिल्यांदा अकोल्याला निघालो, तेव्हा ऊन चढलं होतं. बाबांची तहान मला ठाऊक होती. लवंग चघळून ते ती मारायचे. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं आणि आपला तांब्या दोन्ही हातांनी रेडिएटरमध्ये ओतला, एक थेंब सांडू न देता. पाणी गटगट आत जात होतं आणि बाबांच्या गळ्याची घाटी त्याबरोबर वर-खाली होत होती. आई दारात उभी होती. बाबांनी रिकामा तांब्या तिच्या हाती दिला, कोरडे ओठ पुसले आणि गाडीत बसले.